ड्रायव्हर कोणाचा, भरवसा कशावर?

जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी बसवून घ्यायला दुकानात गेलं की एक सल्ला हमखास मिळतो: विंडोजचा ड्रायव्हर ठेवू नका, कंपनीचा टाका, मशीन पळेल. पुढच्या गल्लीतल्या दुकानात याच्या बरोबर उलटं सांगतात. विंडोजनं जे दिलंय त्याला हात लावू नका म्हणतात. दोघंही ठामपणे बोलतात आणि दोघांकडे दाखवायला आकडे असतात.

नंदुरबार जिल्ह्यात या प्रश्नाला वेगळं वजन आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. त्यानंतर रेशन, शिष्यवृत्ती, पीकविमा, जातीचा दाखला असं एकेक काम कागदावरून कॉम्प्युटरवर गेलं. धडगाव नाहीतर अक्कलकुव्याच्या पाड्यावरून एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस शेवटी अशाच एखाद्या मशीनसमोर उभा असतो, आणि ते मशीन बहुतेक वेळा दहा-बारा वर्षांचं असतं. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे ही मशीनं त्यात बसत नाहीत. नवं घेण्याइतका पैसा नसतो. मग हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकायची आणि आणखी दोन-तीन वर्षं काढायची, हा व्यवहारी मार्ग उरतो. त्यामुळे त्या एसएसडीशी बोलणारा ड्रायव्हर कोणता असावा, हा रांगेत उभ्या असलेल्या माणसाचाही प्रश्न आहे.

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि ड्राइव्ह यांच्यामधला छोटा प्रोग्राम. 'ही फाइल जतन कर' हा हुकूम आधी फाइल सिस्टीमकडे जातो, तिथून खाली उतरत ड्रायव्हरकडे येतो, आणि ड्रायव्हर तो ड्राइव्हच्या भाषेत सांगतो. मायक्रोसॉफ्टचा ड्रायव्हर विंडोजबरोबर आपोआप येतो. इंटेल, सॅमसंग यांनी आपापले वेगळे काढले. वाद त्यावरूनच होतो.

पुढच्या संवादातले दोघं कुणी ठरावीक व्यक्ती नाहीत. अशी दुकानं आणि अशी केंद्रं जिल्ह्यात आहेत आणि असा वाद तिथे घातला जातो, म्हणून त्यांना मी समोरासमोर बसवलं आहे. भाऊंचं नंदुरबारला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ताई शहाद्याकडे सेवा केंद्र चालवतात आणि केंद्रातली दोन जुनी मशीनं आणि एक नवा लॅपटॉप घेऊन भाऊंकडे आल्या आहेत. बीसीए झालेल्या आहेत, त्यामुळे भाऊंचं सगळं मुकाट ऐकून घेत नाहीत.

भाऊ: ताई, आधी स्क्रीन बघा, मग बोला. हे 'एएस एसएसडी' म्हणून छोटं सॉफ्टवेअर आहे. डावीकडे वर ड्राइव्हचं नाव आहे ना, त्याच्या खालच्या दोन ओळी वाचा.

ताई: एक लाल आहे, एक हिरवी. लाल ओळीत 'पीसीआयआयडीई, बॅड'. हिरवीत '१०२४ के, ओके'.

भाऊ: हिरवी पार्टिशनची आहे. ड्राइव्हवरच्या जागेची सुरुवात नीट आकड्यावर झालीय. एक्सपीच्या काळातलं पार्टिशन तसंच उचलून आणलं असतं तर तिथे '३१ के, बॅड' आलं असतं आणि ड्राइव्हला एका लिखाणासाठी दोन ठिकाणी हात घालावा लागला असता. ते आपण नवीन पार्टिशन करून मिटवलं. लाल ओळ ड्रायव्हरची. तुमच्या बायोसमध्ये सॅटा पोर्ट आयडीई मोडमध्ये आहे.

ताई: आम्ही कधी बायोसला हात लावला नाही.

भाऊ: तुम्ही नाही, मशीन जोडणाऱ्यानं. एक्सपीला एएचसीआय कळत नव्हतं. विंडोज टाकताना एफ-सिक्स दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागायचा. ती कटकट नको म्हणून लोक आयडीई करून मोकळे व्हायचे. पुढे विंडोज ७ आलं, १० आलं, मोड तोच राहिला. आयडीईमध्ये ड्राइव्हला एका वेळी एकच काम मिळतं. एएचसीआयमध्ये बत्तीस कामं एकदम रांगेत देता येतात आणि कुठलं आधी उरकायचं ते ड्राइव्ह स्वतः ठरवते. फिरत्या हार्ड डिस्कला याचा थोडा फायदा होता. एसएसडीच्या आत चिपा अनेक असतात, एकदम कामं मिळाली तरच त्या सगळ्या कामाला लागतात.

ताई: मग बायोसमध्ये जाऊन बदला ना.

भाऊ: तसंच बदललं तर निळा पडदा येतो, 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. विंडोजनं चालू होताना एएचसीआयचा ड्रायव्हर उचलायचाच नाही असं ठरवून ठेवलेलं असतं. आधी सेफ मोड लावायचा, मग बायोस बदलायचा, एकदा सेफ मोडमध्ये चालू करायचं, की तो ड्रायव्हर उचलतं. लोक इथे घाबरून फॉरमॅट मारतात, गरज नसते. बघा, आता लाल गेलं. 'स्टोरएएचसीआय, ओके'.

ताई: म्हणजे हा मायक्रोसॉफ्टचाच ड्रायव्हर.

भाऊ: मायक्रोसॉफ्टचाच. विंडोज ७मध्ये 'एमएसएएचसीआय' होता, ८पासून हा. पण मी इथे थांबत नाही. आता इंटेलचा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर टाकायचा. चिपसेट इंटेलचा, मग ड्रायव्हर इंटेलचाच पाहिजे. ज्यानं बनवलं त्यालाच त्याच्या खाणाखुणा ठाऊक.

ताई: आणि त्यानं माझं मशीन किती पळेल?

भाऊ: आकडे वाढतात ताई. खोल रांगेत चार-चार केबीचे तुकडे वाचायला लावले की फरक दिसतो.

ताई: मला आधी या बोर्डाचं सांगा. हा एच६१ आहे ना?

भाऊ: हो.

ताई: एच६१वर सॅटाचे पोर्ट तीन गिगाबिटवाले. त्यातून सेकंदाला ३०० एमबीच्या वर काही जाऊ शकत नाही, प्रत्यक्षात पावणेतीनशेच्या आसपासच. खोक्यावर ५५० लिहिलंय ते सहा गिगाबिटच्या पोर्टासाठी. इंटेलचा टाका नाहीतर कुणाचाही टाका, पोर्ट रुंद होणार नाही.

भाऊ: ते कबूल. सलग वाचनाचा आकडा पोर्टावर अडतो. मी छोट्या तुकड्यांचं म्हणतोय.

ताई: मग छोट्या तुकड्यांचंच बोलू. तुम्ही क्रिस्टलडिस्कमार्क चालवता, त्यात खोल रांगेची ओळ असते आणि एक 'क्यू-वन टी-वन'ची, म्हणजे एका वेळी एकच मागणी. माझ्याकडे एक जण बसलेला असतो. त्याचा आधीचा दाखला मी स्कॅन करते, पीडीएफ करते, साइटवर चढवते, पावती छापते. एकदम बत्तीस मागण्या कुठून येणार? माझं काम शेवटच्या ओळीतलं आहे. त्या ओळीत तुमच्या इंटेलनं किती फरक पडतो?

भाऊ: तिथे फार नाही.

या वादाचं निम्मं उत्तर मला या 'फार नाही'मध्ये दिसतं. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कला हवी ती जागा डोक्याखाली येण्यासाठी सरासरी चार मिलिसेकंद नुसती वाट बघावी लागते, डोकं हलण्याचा वेळ वेगळा. सगळं धरून सेकंदाला जेमतेम शंभरच्या आसपास सुट्या मागण्या पुऱ्या होतात. साध्या सॅटा एसएसडीनं एकेका मागणीला सेकंदाला ३० एमबी दिले तरी चार केबीच्या हिशोबानं त्या सात हजारांच्या वर जातात. लोक 'मशीन पळायला लागलं' म्हणतात ते या उडीमुळे. ती मारून झाली की दोन बऱ्या ड्रायव्हरांतला फरक काही टक्क्यांचा उरतो, आणि साइट उघडायला लागणाऱ्या वेळेत तो कुठे हरवतो ते सापडतही नाही. आयडीई आणि एएचसीआयमधला फरक मात्र टक्क्यांचा नाही, ती दुरुस्ती आहे, आणि ती भाऊंनीच करून दिली.

भाऊ: पण ताई, मी डोळ्यांनी पाहिलंय. गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपला मायक्रोसॉफ्टचा काढून कंपनीचा ड्रायव्हर टाकला आणि आकडा वर गेला.

ताई: त्या दिवशी आणखी काय काय बदललं?

भाऊ: म्हणजे?

ताई: नवीन विंडोज टाकलं?

भाऊ: टाकलं. फॉरमॅट मारलाच होता.

ताई: म्हणजे ड्राइव्ह रिकामी झाली. भरलेल्या ड्राइव्हपेक्षा रिकामी चांगलेच आकडे देते. पॉवर प्लॅन?

भाऊ: 'हाय परफॉर्मन्स' करून देतो मी, सगळ्यांनाच.

ताई: झालं की. बचतीच्या प्लॅनमध्ये प्रोसेसर आणि ड्राइव्हची जोडणी मधूनमधून झोपतात. एकेका मागणीच्या चाचणीत त्यांना जागं करायचा वेळ दर वेळी मोजला जातो. प्लॅन बदलला तरी तो आकडा हलतो. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय एकट्या ड्रायव्हरला दिलं. चाचणीची फाइल किती मोठी होती?

भाऊ: एक जीबी. तेवढीच आधीपासून लावलेली असते.

ताई: स्वस्त ड्राइव्हमध्ये थोडा भाग वेगानं लिहायला राखून ठेवलेला असतो. एक जीबी त्यातच मावते. लग्नाच्या व्हिडिओची चाळीस जीबी कॉपी करा, मध्येच वेग धपकन पडतो. ती ड्राइव्हची खरी ताकद. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना लोक त्याची रेवाल चाल बघतात, पण जाणता माणूस पाय आणि दात बघून, लांबवर नेऊन आणून मगच पैसे मोजतो. तुम्ही मला फक्त चाल दाखवताय.

भाऊ: बरं, मग हे बघा. याला काय म्हणाल? ही सॅमसंगची ड्राइव्ह, कंपनीच्याच 'मॅजिशियन'मधला 'रॅपिड मोड' चालू केला. आता आकडा वाचा.

ताई: हजाराच्या वर! याच मशीनवर?

भाऊ: समोरच्या टेबलावरच्या. त्याला सहा गिगाबिटचा पोर्ट आहे.

ताई: तरीही ६००च्या वर त्या केबलमधून जाणारच नाही. मग हा आकडा ड्राइव्हचा कसा? तो रॅमचा आहे, भाऊ. ते सॉफ्टवेअर मशीनच्या रॅमचा तुकडा घेतं, तिथेच लिहितं, तिथूनच वाचतं. विंडोजनं सक्तीनं 'आता उतरव' म्हटलं तर ते खाली उतरवतं असं कंपनी सांगते, आणि ते खोटं असेल असं मी म्हणत नाही. पण तुमच्या गिऱ्हाइकानं पैसे ड्राइव्हचे दिले आणि तुम्ही त्याला मोजून दाखवली रॅम.

इथे भाऊ गप्प राहिले. कंपनीच्या ड्रायव्हरला सरसकट वाईट म्हणणंही मला पटत नाही, आणि मायक्रोसॉफ्टचा दर वेळी शहाणा ठरलाय असंही नाही. या क्षेत्रात पारडं अनेकदा फिरलं आहे.

भाऊ: तुम्हाला जुनी गोष्ट सांगतो. २००९मध्ये विंडोज ७ आलं आणि त्याबरोबर 'ट्रिम' आलं. एसएसडीला लिहिलेल्या जागेवर तसंच पुन्हा लिहिता येत नाही. आधी मोठा ठोकळा पुसावा लागतो. आपण फाइल डिलीट केली तरी ड्राइव्हला ते कळत नाही, ती मेलेला डेटा सांभाळत बसते, इकडून तिकडे हलवत राहते, आणि हळूहळू मंद होते. ट्रिम म्हणजे विंडोज तिला सांगतं, ही जागा आता मोकळी समज.

ताई: आणि ते सांगायचं काम ड्रायव्हरचं.

भाऊ: हो. तेव्हा इंटेलचा जुना ड्रायव्हर ट्रिमचा निरोप पुढे पोचवतच नव्हता. आकडे छान यायचे आणि ड्राइव्ह आतून भरत जायची. मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर तो निरोप पोचवायचा. २०१०च्या मार्चमध्ये इंटेलची ९.६ आवृत्ती आली, तेव्हा एकट्या ड्राइव्हचं गाडं रुळावर आलं. 'रेड'मध्ये एकत्र जोडलेल्या ड्राइव्हना आणखी दोन वर्षं थांबावं लागलं.

ताई: ही गोष्ट तर माझ्या बाजूची झाली.

भाऊ: थांबा, पुढचं ऐका. विंडोज १०च्या काळात मायक्रोसॉफ्टचा हाच 'स्टोरएएचसीआय' काही ड्राइव्हवर अडकायचा. टास्क मॅनेजर उघडावा तर डिस्क शंभर टक्के आणि काम शून्य. ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये दोष होता, पण तो याच ड्रायव्हरशी गाठ पडली की उघडा व्हायचा. मायक्रोसॉफ्टनं स्वतः ते लिहून ठेवलंय. त्या वेळी आम्ही कंपनीचा ड्रायव्हर टाकला की गिऱ्हाईक आशीर्वाद देत घरी जायचं. मी ड्रायव्हर टाकतो तो हौस म्हणून नाही.

ताई: हे मान्य. रोगाला औषध द्यायला माझी ना नाही. रोग नसताना देताय, तिथे माझा आक्षेप आहे. माझ्या मशीनला ट्रिम पोचतंय का ते तेवढं दाखवा.

भाऊ: हे घ्या. काळ्या खिडकीत 'एफएसयूटिल'चा हुकूम दिला, 'डिसेबल डिलीट नोटिफाय'समोर शून्य आलं. नाव उलटं आहे, बंद करण्याचा आकडा शून्य, म्हणजे विंडोज ट्रिम पाठवतंय, आणि हा ड्रायव्हर ते पुढे पोचवतो.

ताई: आता मला सगळ्यात जास्त काळजी ज्याची आहे ते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर जा, 'पॉलिसीज' उघडा. तिथे दोन चौकटी आहेत. खालच्या चौकटीत खूण कुणी केली?

भाऊ: मी केली. बफर फ्लशिंग बंद. लिखाणाचा आकडा एकदम चढतो. प्रत्येक मशीनला करून देतो.

ताई: काढा ती आधी.

भाऊ: अहो, का?

ताई: तिच्याखाली लिहिलंय ते वाचलंत? ड्राइव्हला स्वतःचा वेगळा वीजपुरवठा असेल, वीज गेल्यावर तिच्या पोटातलं उतरवून घ्यायची सोय असेल, तरच खूण करा असं म्हटलंय. या अडीचशे जीबीच्या स्वस्त ड्राइव्हमध्ये अशी सोय आहे?

भाऊ: नाही. ते कपॅसिटर सर्व्हरवाल्या ड्राइव्हमध्ये असतात.

ताई: आणि माझ्याकडे वीज कशी जाते ते तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्याच्या तोंडाला वारा सुटला की गेलीच. नेमके तेच दिवस दाखल्यांचे. दहावी-बारावीचे निकाल लागलेले, जात, उत्पन्न, अधिवास, सगळं एकदम. यूपीएसची बॅटरी थकलेली. मशीन झटकन बंद.

मला या मुद्द्यावर थोडं थांबायचं आहे, कारण मशीन वेगवान करून घेताना याचा विचार सहसा कुणी करत नाही. आपण 'सेव्ह' दाबतो तेव्हा डेटा लगेच चिपेवर उतरत नाही. आधी तो विंडोजच्या रॅममध्ये असतो, मग ड्राइव्हच्या स्वतःच्या छोट्या तात्पुरत्या स्मृतीत, आणि मग कायमच्या जागेवर. ज्या कामात क्रम चुकून चालत नाही तिथे विंडोज मध्येच 'फ्लश'चा हुकूम देतं: पोटात आहे ते सगळं खाली उतरव, उतरवलंस की कळव, मग मी पुढचं देतो. एनटीएफएस आपली नोंदवही याच भरवशावर लिहिते. ब्राउझरमधल्या छोट्या डेटाबेसांचाही भरवसा यावरच असतो. या थांबण्याला वेळ लागतो. त्या चौकटीत खूण केली की विंडोज हा हुकूम देणंच बंद करतं. थांबायचं कारण उरत नाही, आकडा चढतो. ड्राइव्ह वेगवान झालेली नसते, तिच्याकडून पोच घेणं तेवढं सोडून दिलेलं असतं.

भाऊ: पण ताई, चौकटीत खूण केली नाही तरी वीज गेली की फाइल जातेच ना. गिऱ्हाइकं आणून दाखवतात. फाइलचं नाव आहे, साइझ आहे, उघडली तर आत नुसती शून्यं.

ताई: जाते. खोटं कशाला बोलू. एनटीएफएसची नोंदवही फाइलचं नाव आणि साइझ सांभाळते, आतला मजकूर नाही. जो मजकूर रॅममध्येच होता तो गेला. पण ती एक फाइल गेली. अर्जदार समोर बसलेला आहे, पुन्हा स्कॅन करीन. फ्लश बंद असेल आणि नोंदवहीचीच पानं मागेपुढे झाली तर सकाळी विंडोजच उघडणार नाही. मग महिन्याभराच्या पावत्या, लोकांचे जोडलेले कागद, सगळंच अडकलं. पाड्यावरून आलेल्याला मी काय सांगू, तुमचा दाखला अडला कारण आमच्या मशीनचा आकडा वाढवायचा होता?

भाऊ: काढतो. दोन्ही मशीनची काढतो.

ताई: आणि वरची चौकट, 'राइट कॅशिंग'ची, ती राहू द्या. ती बंद केली तर ड्राइव्ह विनाकारण रांगत बसते.

भाऊ: ते मला माहीत आहे. आता तुमचा नवा लॅपटॉप. इथे तुम्ही माझं ऐकायचं.

ताई: ऐकते.

भाऊ: अकराव्या पिढीपासून इंटेलनं लॅपटॉपमध्ये व्हीएमडी म्हणून प्रकार आणला. तो चालू असला की नव्या प्रकारची एनव्हीएमई ड्राइव्ह त्याच्या मागे लपते. विंडोज टाकायला गेलात की डिस्कची यादी कोरी. नवखा माणूस ड्राइव्ह मेली समजून परत करायला निघतो. तिथे मायक्रोसॉफ्टचा ड्रायव्हर कामाचा नाही. पेनड्राइव्हवर इंटेलचा ड्रायव्हर न्यायचा, 'लोड ड्रायव्हर' दाबायचं, मग डिस्क दिसते.

ताई: नाहीतर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचं.

भाऊ: विंडोज टाकायच्या आधी असेल तर करा. टाकून झाल्यावर केलंत तर तोच निळा पडदा. तुमच्यात कंपनीनं विंडोज घालून दिलंय, म्हणून इंटेलचा ड्रायव्हर काढायच्या फंदात पडू नका.

ताई: नाही काढत. इथे तो गरजेचा आहे.

भाऊ: आणि एनव्हीएमईत खरी मजा पुढे आहे. एएचसीआय २००४चं, फिरत्या डिस्कच्या जमान्यातलं. एक रांग, बत्तीस कामं. २०११ला एनव्हीएमईची पहिली आवृत्ती आली. त्यात रांगा पासष्ट हजारांवर आणि एकेका रांगेत तितकीच कामं. पण विंडोजचा 'स्टोरएनव्हीएमई' आजही आधी जुन्या स्कझीच्या भाषेत हुकूम घेतो आणि मग त्यांचं एनव्हीएमईत भाषांतर करतो. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज सर्व्हर २०२५साठी हे मधलं भाषांतर काढून टाकलेला मार्ग जाहीर केला. चार केबीच्या वाचनात ऐंशी टक्क्यांपर्यंत वाढ होते असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ड्रायव्हरनं फरक पडतो, ताई. मायक्रोसॉफ्टच सांगतंय.

ताई: पडतो, आणि हे काम मोलाचं आहे. पण ते सर्व्हरसाठी आहे, आपणहून चालू करावं लागतं. तिथे शेकडो कोअर एकदम मागण्या टाकत असतात. ज्या सर्व्हरवर माझा अर्ज जाऊन पडतो तिथे हा ड्रायव्हर आला तर मला आनंदच होईल, कदाचित माझी रांग तिथूनच कमी होईल. माझ्या टेबलावर त्याचं काम नाही.

भाऊ: लोक साध्या विंडोज ११वरही रजिस्ट्रीत बदल करून तो चालू करतायत.

ताई: करू देत. २०२४चं आठवतंय ना? विंडोज ११चं २४एच२ आलं आणि वेस्टर्न डिजिटलच्या काही २ टीबी ड्राइव्ह निळा पडदा दाखवायला लागल्या. त्या ड्राइव्हना स्वतःची रॅम नाही, मशीनची उसनी घेतात. आधी विंडोज ६४ एमबी द्यायचं, नव्या आवृत्तीनं मागितले तसे २०० दिले, आणि ते ड्राइव्हच्या फर्मवेअरला झेपलं नाही. शेवटी फर्मवेअर बदलावं लागलं. ड्रायव्हर एकट्यानं चांगला-वाईट नसतो. त्या ड्राइव्हबरोबर, त्या फर्मवेअरबरोबर त्याची गाठ कशी पडते ते बघावं लागतं. ते बघायला दुसऱ्यांची मशीनं आहेत, माझ्याकडे सुटं मशीन नाही.

भाऊ: मला तुमची एकच गोष्ट पटत नाही. सगळ्यांनी असंच म्हटलं, तर नवीन काही करून बघणार कोण?

ताई: तुम्ही बघा. तुमच्या दुकानात चार मशीनं उघडी पडलेली असतात. इंटेलचा टाका, काढा, पुन्हा टाका. फॉरमॅट न मारता, पॉवर प्लॅन न बदलता, ड्राइव्ह निम्मी भरून. वेगळं काही दिसलं तर मला फोन करा, मी स्वतः येऊन बघीन. अशी नीट मोजमापं आपल्या भागात कुणी केली तर हवीच आहेत. मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत एनव्हीएमई किती तापते आणि तापल्यावर किती मंद होते, हेसुद्धा मोजा. ते मला ड्रायव्हरपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

भाऊ: मोजतो. आता या दोन मशीनांचं पक्कं करू. एएचसीआय झालं. ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टचा, इंटेलचा टाकत नाही. ट्रिम चालू. फ्लशची खूण काढली. यूपीएसची बॅटरी मात्र नवीन घ्या, ती मी फुकटात देऊ शकत नाही.

ताई: घेते. तिचे पैसे आधी लावा.

भाऊ: आणि एक राहिलं. बोर्डावरचा बटण सेल, सीआर२०३२. बारा वर्षं जुन्या बोर्डात तो मेलेलाच असतो. रात्री मेन स्विच बंद केला की बायोस सगळं विसरतो आणि कित्येक बोर्ड पुन्हा आयडीईवर जातात. सकाळी केंद्र उघडाल, बाहेर रांग लागलेली, आणि समोर निळा पडदा. मग म्हणाल भाऊंनी एसएसडी खराब दिली.

ताई: बदला. दोन्हीचे बदला. आणि बिलावर लिहून द्या, मोड एएचसीआय, ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टचा, सेल कोणत्या तारखेला घातला. उद्या दुसरा कुणी हे मशीन उघडेल, त्याला पहिल्यापासून शोधत बसायला नको.